पावशेराची पेटी

सोने घ्यायला निघालेल्या माणसाचे एक बरे असते. आपल्याला काय हवे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणि ते परवडणार नाही, हेही ठाऊक असते. पण संगणकाला जोडायची, खिशात मावणारी हार्ड डिस्क घ्यायला निघालेल्या माणसाची अवस्था जुन्या काळच्या वधूपित्यासारखी होते. स्थळे पुष्कळ, सगळी दिसायला नीटस, आणि कुणाच्या पोटात काय दडले आहे ते कळायला मार्ग नाही!

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तो मोबाइलमुळे. ‘जागा संपली’ असे तो घरमालकासारखा रोज बजावू लागला. “अहो, नको असेल ते पुसून टाका की!” इति गृहिणी. मी पुसायला बसलो. सुप्रभातीचे गुलाब पुसले, तीन वर्षांपूर्वीच्या चकल्या पुसल्या, आणि आईपाशी येऊन थांबलो. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी भाचीने तिला बोलते करून तिच्या ओव्या टिपून ठेवल्या होत्या. उणीपुरी अकरा मिनिटे. मध्येच ती अडते, “पुढचं आठवत नाही गं,” म्हणते आणि हसते. ओव्या एखाद्या पुस्तकात सापडतीलही; ते हसणे मात्र साऱ्या जगात त्या एका मोबाइलमध्ये होते. पुसापुशी तिथेच थांबली आणि पेटीचा शोध सुरू झाला.

“मामा, फिरती घ्यायचीय की न फिरती?” भाचीने विचारले. या वस्तूंतही दोन घराणी आहेत, हे मला तेव्हा कळले. फिरतीच्या पोटात चकत्या असतात. सहसा त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, आणि केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून वाचणारे टोक त्यांच्यावर तरंगत असते. चालू असताना टेबलावरून पडली, तर बहुधा कीर्तन आटोपलेच! न फिरती म्हणजे एस.एस.डी. तिच्या पोटात काहीच हलत नाही. सारा मजकूर विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने बसलेला असतो. ती चपळ, धक्का सोसणारी. पण तेवढ्याच जागेला पैसे अधिक मोजावे लागतात. शिवाय वीज न मिळता ती वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तो भार हळूहळू ओसरू शकतो. थोडक्यात, पहिलीला धक्का सोसत नाही आणि दुसरीला दीर्घ उपास!

यावर “पूर्वीच्या वस्तू दणकट असत” असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण १९५६ साली आय.बी.एम.ने जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या वर होते, आणि मावत होती अवघी ५० लाख अक्षरे. आईची अकरा मिनिटेसुद्धा तिच्यात मावली नसती.

मग मापांचा घोळ. खोक्यावर एक टेराबाइट लिहिलेले असते. विंडोजच्या संगणकाला जोडावी तर तो ९३१ गिगाबाइट दाखवतो. यात लबाडी नाही. कारखानदार हजारांच्या पटीने मोजतो, संगणक १०२४ च्या. आपल्याकडच्या कच्च्या आणि पक्क्या शेरासारखाच हा प्रकार. खरी लबाडी निराळीच असते. अनोळखी नावाची, मातीमोलाने मिळणारी, सोळा टेराबाइटची म्हणून मिरवणारी डबी सापडली, तर तिच्या वाटेला जाऊ नये. अशांतल्या पुष्कळ डब्या पोटात चिमूटभर जागा घेऊन येतात आणि मोठ्या आकड्याचा नुसता मुखवटा दाखवतात.

आमचा सारा संसार १४० गिगाबाइटांत मावत होता. जुन्या यू.एस.बी.च्या खाचेतून तो न्यायला तासाहून अधिक लागला असता. निळ्या जिभेच्या खाचेतून अर्ध्या तासाच्या आत काम होते. ताईकडे मॅक आहे, आमच्याकडे विंडोज. म्हणून डिस्कची मांडणी एक्सफॅट ठेवायची, म्हणजे दोन्ही घरी लिहिता-वाचता येते, हेही भाचीनेच सांगितले.

एवढी तयारी करून आम्ही दुकानात गेलो. “तीन वर्षांची हमी आहे,” दुकानदार म्हणाला. “बिघडली तर नवी देऊ.”

“आणि आतलं?” गृहिणीने विचारले.

“आतल्याची हमी कोण देणार, वहिनी?”

बिचारा खरे तेच बोलला. पण त्या एका वाक्याने माझा सारा हिशेब बदलला. इतका वेळ मी तिजोरी शोधत होतो, आणि तिजोरी असे काही या दुकानात नव्हतेच.

मला आजीची पैठणी आठवली. दरसाल एकदा ती पेटीतून काढी, सावलीत वारा देई आणि घडी मोडून नव्याने घाली. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले, तर रेशीम तिथेच उलते, असे ती म्हणे. पैठणी टिकली ती पेटीमुळे नव्हे, त्या नेमाने उघडण्यामुळे.

जाणकारांचा नियमही असाच साधा आहे: मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. म्हणून आम्ही मोठी एकच डिस्क न घेता लहान दोन घेतल्या. एक फिरती, एक न फिरती. मोबाइलमधली आई जागच्या जागी राहिली. फिरती आमच्या कपाटात विसावली. न फिरती नाशकाला, ताईकडे द्यायची ठरली. निघण्यापूर्वी गृहिणीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवून पाहिल्या. मिळून पावशेरसुद्धा भरल्या नाहीत.

भाऊबीजेला मी नाशकाला जातोच. ओवाळून झाले, फराळ झाला, की ताई ती डबी बाहेर काढते आणि आम्ही ती संगणकाला जोडतो. वर्षाची नवी छायाचित्रे तिच्यात भरायची, जुनी उघडतात का ते पाहायचे. आणि शेवटी ती अकरा मिनिटे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आई अडते त्या ठिकाणी पुढची ओवी ताई म्हणते. तिला ती येते.