अंगावर काढलेले दुखणे

'दुखणे अंगावर काढणे' या वाक्प्रचारात सोसण्याचे कौतुक दडलेले आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून येणाऱ्या विद्यार्थिनींकडून आया-आज्यांविषयी तो आम्ही वारंवार ऐकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र हे सोसणे आयुष्याची वर्षे हिरावते. रुग्ण किती जगेल, हे मुख्यतः निदानाच्या वेळी रोग कितपत पसरला आहे यावर ठरते. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटातील या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये इथल्या वारल्यांचे वेठबिगारीविरुद्ध उठणे नोंदवले. अंगावरून पांढरे जाणे, अवेळी रक्त जाणे, हे शब्दही आता वर्गात निःसंकोच उच्चारले जावेत, असे आम्हांस वाटते.