पुढे गेलेल्यांच्या चिठ्ठ्या

माझा नातू ‘एल्डन रिंग’ खेळतो. २०२२ साली आलेला हा जपानी खेळ. त्यात मार्गिट नावाचा काठीवाला राक्षस आहे. तो काठी उगारतो आणि क्षणभर तशीच धरून ठेवतो. घाबरून आधीच लोळण घेतलीत की फटका बसलाच! काठी खाली येताना लोळायचं, आणि तेही त्याच्याच दिशेने. ही युक्ती नातवाला मित्राने फोनवर सांगितली.

मला मात्र गंमत वाटली ती वाटेतल्या निरोपांची. अनोळखी खेळाडू ते जमिनीवर ठेवून जातात. शब्द ठरलेले, त्यातूनच वाक्य जुळवायचं. काही टवाळ कड्याच्या टोकावर ‘उडी मार’ असंही सुचवतात बरं का! पण निरोपाला कुणी पसंती दिली, की लिहिणारा जिथे लढत असेल तिथे त्याची शक्ती भरून येते.

ही कल्पना त्याच कंपनीच्या २००९ सालच्या ‘डेमन्स सोल्स’पासूनची. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची गाडी एकदा बर्फाळ चढावर अडकली होती. मागच्या गाडीवाल्यांनी ती ढकलत वर नेली. पण थांबले तर पुन्हा अडकणार, म्हणून आभार मानायचे राहूनच गेले. त्यातून हे सुचलं, असं त्यांनी सांगितलंय.

ही गेली तेव्हा बागेत एक अनोळखी गृहस्थ मला एवढंच म्हणाले, “दिवेलागणीला घरात एकटे बसू नका.” कारण विचारावं लागलं नाही. ते माझ्या आधी त्या वाटेने गेले होते. पुन्हा काही ते दिसले नाहीत.

मी रोज दिवेलागणीला बाहेर पडतो. कुणी नवा एकटा दिसला, तर त्यालाही तेवढंच सांगतो.