तेलाचे माप

पहिल्या वर्षी ओळखीच्या तासाला सरांनी प्रत्येकाला आवडता खेळ विचारला. कोल्हापूर जिल्ह्यातला वर्ग तो. निम्म्यांनी कुस्ती सांगितली, उरलेल्यांनी फुटबॉल नाहीतर क्रिकेट. मी म्हणालो, "मोटारसायकलची रेस." वर्ग खो खो हसला. "म्हणजे रस्त्याने बुंगाट गाडी मारणे हा खेळ का रे?" असे सरांनीही हसतच विचारले. तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते आता या अंकातून देतो आहे, आणि त्यात एक कबुलीही आहे.

कोडोलीत माझ्या थोरल्या भावाचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचे शेड, पुढे चिखल, आणि गळीत हंगामात दुरुस्तीच्या गाड्यांची रांग. शेडच्या आतल्या भिंतीवर, जोतिबाच्या तसबिरीशेजारी, वर्तमानपत्राचे एक कात्रण खळीने चिकटवलेले आहे. तेलाच्या बोटांनी आणि धुराने ते आता चहाच्या रंगाचे झाले आहे. २६ जून २०१६ रोजी हॉलंडमधल्या आसेन येथे फ्रान्सेस्को बान्याया नावाच्या इटालियन मुलाने मोटो-३ ची शर्यत जिंकली, त्याची ही बातमी. मुलगा त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आज माझे जे वय आहे तेवढाच. पण दादाने कात्रण कापले ते मुलासाठी नव्हे, तर त्याच्या गाडीसाठी. गाडी महिंद्राची होती. भारतीय कंपनीच्या मोटारसायकलने जागतिक स्पर्धेतली शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

या संघाची गोष्ट दादाने मला इतक्या वेळा सांगितली आहे, की ती मला पाढ्यांसारखी पाठ आहे. महिंद्राने २००८ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीचा दुचाकींचा धंदा घेतला. दुचाकी विभागाचे ठाणे चिंचवडला आणि रेसच्या गाड्यांचे वर्कशॉप इटलीत, असा तो संसार होता. २०११ साली हा संघ १२५ सीसीच्या जागतिक स्पर्धेत उतरला. त्या वर्गाचे ते शेवटचे वर्ष होते. व्हॅलेन्सियाच्या अखेरच्या शर्यतीत महिंद्राच्या डॅनी वेबने सुरुवातीची पहिली जागा मिळवली, पण पुढच्या वर्षी वर्गच बदलला. टू-स्ट्रोक गेले आणि मोटो-३ ची २५० सीसी फोर-स्ट्रोक इंजिने आली. म्हणजे जे शिकले ते पुसून पुन्हा पहिल्यापासून! नवी गाडी सारखी मागे पडू लागली. मग स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीला हाताशी धरून २०१३ साठी निराळी गाडी केली, आणि त्याच वर्षी मलेशियात मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. त्यानंतर आसेन. २०१६ सालीच बान्यायाने मलेशियातही शर्यत जिंकली.

आणि २०१७ चा हंगाम संपताच संघ बंद झाला. दुचाकीच्या धंद्यात कंपनीचा जम बसला नव्हता. विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला-ई शर्यतीत ती २०१४ पासून होतीच, तिकडेच सारे लक्ष वळले. बान्याया त्याआधीच वरच्या वर्गात गेला होता. पुढे डुकाटीच्या गाडीवर तो २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

आमच्या दादाचाही एक संघ होता. त्यात दादा, एक वेल्डर, एक टेम्पोवाला आणि मी, एवढीच माणसे. यंत्र एकच, यामाहा आरएक्स १००. या गाडीचे उत्पादन आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात झाले, म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने वडील. दादाने ती भंगाराच्या भावात घेतली होती. सिलिंडरचे बोअरिंग कोल्हापूरला उद्यमनगरात करून आणले, पोर्ट रात्र-रात्र कानशीने घासले, उचल वाढावी म्हणून मागचे स्प्रॉकेट मोठे बसवले. आसपासच्या गावांत मोकळ्या रानात मातीतल्या रेस होत, तिथे हा संघ टेम्पोतून जाई. हुपरी रस्त्याला कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे. पण तिथे गाडी पळवायची तर खिसाही तसा लागतो. आमच्यासाठी आपले उसाचे मोकळे झालेले रानच बरे होते.

माझ्याकडे एकच काम होते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला लागणारे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते, त्याच्यावरच पिस्टन जगतो. गाडीचा मूळचा तेलपंप दादाने काढून टाकला होता. त्याचा रेसमध्ये भरवसा नको, तेल हाताने मिसळायचे. लिटरला चाळीस मिली, पाच लिटरच्या डब्याला दोनशे. ते औषधाच्या बाटलीने मोजून ओतायचे, डबा हलवायचा आणि कडीला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेला डबा तयार. दादा डोळे मिटून तो टाकीत ओतणार.

नोव्हेंबर २०१७. वारणेच्या पलीकडे एका गावात रेस होती. मी अकरा वर्षांचा. रानाच्या कडेला डबा घेऊन बसलो होतो, तोच पलीकडे कुणीतरी गाडी एका चाकावर उभी केली म्हणून आरडाओरडा झाला. मी घाईघाईने दोरा बांधून घेतला आणि मनाशी म्हणालो, बघून येतो आणि मग तेल घालतो. परत आलो तेव्हा डबा रिकामा होता आणि गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती.

मला ओरडता आले असते. ओरडलो नाही. का, हे मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्या फेरीत दादा दुसरा होता. वळणाच्या तोंडाशी पिस्टन जाम झाला, मागचे चाक जागीच अडकले आणि दादा गाडीवरून उडून बांधावर पडला. खांद्याजवळचे हाड मोडले. आठ दिवसांनी, डावा हात गळ्यात अडकवून, त्याने वेल्डरकडून सिलिंडर उघडवला. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत कोरडे ओरखडे होते. वेल्डर म्हणाला, "ऑइलच न्हाई गा ह्यात." दादा म्हणाला, "जेट बारीक बशिवला मीच." एवढे बोलून त्याने रिकाम्या डब्याच्या कडीचा लाल दोरा सोडला आणि खिशात घातला. माझ्याकडे पाहिले नाही.

त्याच महिन्यात, १२ तारखेला, महिंद्रा व्हॅलेन्सियाला शेवटची शर्यत पळाली. दोन्ही संघ एकदमच संपले, असे मी त्या वयात धरून चाललो होतो. जणू तोही माझ्यामुळेच!

सर, बुंगाट मारणारा एकटा असतो. रेसमध्ये मात्र वर बसलेल्याचा जीव खाली तेल मोजणाऱ्याच्या हातात असतो. आसेनचे नाव निघाले की लोकांना बान्याया आठवतो. मला इटलीच्या त्या वर्कशॉपमधली माणसे आठवतात, ज्यांची नावे कात्रणात नाहीत. संघ बंद झाल्यावर त्यांनी कुठे कामे धरली असतील?

तसे पाहिले तर आपल्याकडची रेस संपलेली नाही. होसूरचा टीव्हीएसचा संघ १९८२ पासून टिकून आहे. माझ्या मते त्याचे कारण साधे आहे. त्यांच्या रेसच्या गाडीची भावंडे दुकानात मिळतात, तालुक्याच्या गावातला पोरगाही अपाची घेतो. आसेनला जिंकलेली गाडी कोल्हापूरच्या शोरूममध्ये कुणाला मिळाली नसती. हिरोचा संघ २०१६ साली निघाला आणि २०२४ च्या डाकार रॅलीत त्याचा रॉस ब्रँच दुसरा आला. आणि २०२५ मध्ये आकुर्डीच्या बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएमची सूत्रे हाती घेतली. हीच केटीएम मोटोजीपीत पळते. २०२० साली तिला दोन शर्यती जिंकून देणारा ऑलिव्हेरा म्हणजे महिंद्रावर तिसरा आलेला तोच. ही बातमी मी दादाला वाचून दाखवली, तेव्हा तो कार्बोरेटर धूत होता. "कंपनीचं काय सांगावं," म्हणाला, "वहीत तोटा दिसला की शटर खाली." पण रात्री त्याने ती बातमी मोबाइलवर पुन्हा काढायला लावली.

गॅरेजात आता कामाला दोन पोरे आहेत. त्यांना मातीत गाडी पळवायची आहे. कोपऱ्यातल्या पोत्याखालून आरएक्स बाहेर निघाली, उद्यमनगरातून सिलिंडर आला, नवा पिस्टन बसला. गेल्या रविवारी दादाने पाच लिटरचा डबा माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "दादा, त्या येळंला तेल मी..."

"म्हाईत हाय. वास आलता."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलून पिस्टन सरळ हुनार हुता व्हय? माप घे."

मी औषधाची बाटली घेतली. दोनशे मिली दोनदा मोजून पाहिले, ओतले, डबा हलवला. मग दोरा मागितला.