परमुलखातील चित्रकार

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात मळवलीच्या लहानशा स्थानकावर येते. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची, आणि त्यांच्या पाठीशी विसापूर व लोहगड. भातखाचरांच्या या मावळ मुलखात १८९९ साली मुंबईहून एक छापखाना येऊन दाखल झाला. त्याचे धनी होते राजा रविवर्मा. त्यांचे गाव किळिमानूर. ते येथून शेकडो कोस दूर, त्रावणकोर संस्थानात.

तेथेच २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांनी दिले. १८६६ साली मावेलिक्करच्या भागीरथीशी त्यांचा विवाह झाला. त्या मुलखातील अशा घराण्यांत कुळ आईकडून चालत असे. विवाहानंतरही पत्नी माहेरीच राही आणि मुले आजोळी वाढत. त्यातच १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले आणि पुढे राजेरजवाड्यांची बोलावणी सुरू झाली. ज्याची कीर्ती मोठी, त्याचा मुक्काम घरी थोडा, असे होऊन गेले. दोन पुत्र आणि तीन कन्या असा त्यांचा परिवार होता. संसाराचा भार भागीरथीबाईंनी वाहिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पौराणिक प्रसंगांवरील १४ चित्रे सांगितली, ती मात्र रविवर्म्यांनी किळिमानूरला राहून रंगविली. ती पुरी झाल्यावर मुंबईस व बडोद्यास लोकांनी पाहण्यासाठी गर्दी केली. त्याच सुमारास, १८९१ साली, भागीरथीबाई वारल्या.

दोन वर्षांनी त्यांनी एक चित्र काढले. कडेवर मूल घेतलेली एक तरुण माता उभी आहे. येणाऱ्या पित्याकडे ती मुलाचे लक्ष वेधते आहे. शेजारी कुत्राही त्याच दिशेला पाहतो आहे. पिता मात्र चित्रात कोठेच नाही. तो चौकटीच्या बाहेर राहिला आहे. चित्रातील माता म्हणजे रविवर्म्यांची कन्या महाप्रभा. ज्याचे आयुष्य आगगाडीत आणि परक्या वाड्यांत गेले, त्याने घरच्यांचे वाट पाहणे इतक्या नेमकेपणाने टिपावे, याचे नवल वाटते. कदाचित त्यालाच ते अधिक कळले असावे.

या भटकंतीत धाकटे बंधू सी. राजराजवर्मा सावलीसारखे त्यांच्याबरोबर असत. ते स्वतः निसर्गचित्रांत निपुण होते. पण थोरल्या भावाच्या चित्रांतील पार्श्वभूमी रंगविणे, पत्रव्यवहार पाहणे, प्रवासाची सोय करणे, यांतच त्यांनी आपले दिवस वेचले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या दैनंदिनीमुळेच या दोघांचा दिनक्रम आज आपणांस कळतो. रविवर्म्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, बंधूंचे मागे राहिले. हा न्याय पुरा झाला असे म्हणवत नाही.

चित्रे छापून घ्यावीत, ही सूचना मराठी मातृभाषा असलेले दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ साली पत्राने केली होती. राजवाड्यातील तैलचित्र एकाच्या दृष्टीस पडते. छापील तसबीर गरिबाच्या देव्हाऱ्यातही जाते. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि शकुंतलेच्या जन्माचे चित्र प्रथम छापले गेले. यंत्रे व कारागीर जर्मनीचे. मूळ चित्रातील एकेक रंग वेगळा काढून तो चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने रेखाटावयाचा. ओल्या शिळेवर रूळ फिरविला की रेखाटलेला भाग तेवढा रंग धरी, बाकीचा पाण्यामुळे कोरा राही. जितके रंग तितक्या शिळा, आणि तितक्याच वेळा तोच कागद दाबाखालून जाई. कागद केसभर सरकला तरी ओठांचा रंग गालावर उतरे! अशा तसबिरींतील कित्येक देवतांचे व नायिकांचे नेसणे महाराष्ट्रीय आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, कामगार पांगू लागले. म्हणून छापखाना मोकळ्या हवेच्या मळवलीस हलविण्यात आला. पण चित्रकाराचा हात आणि व्यापाऱ्याचा हात एकाच अंगी क्वचित असतात. कर्ज वाढले. रात्रंदिवस चित्रे रंगवून मिळविलेले धन तेथे जिरू लागले, आणि थोड्याच वर्षांत छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. त्यांनी तो पुढे दीर्घकाळ चालविला. धुंडिराज गोविंद फाळके यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली पडद्यावर आला.

इकडे १९०० साली रविवर्म्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. पुत्र रामवर्मा याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून वडिलांचीच वाट धरली. घरचे सुख असे दुरून पाहत असतानाच १९०५ च्या जानेवारीत राजराजवर्मा गेले. म्हैसूरच्या महाराजांसाठी घेतलेली चित्रे अपुरी होती. ती रविवर्म्यांनी एकट्याने पुरी केली, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्रावणकोरातच त्यांचे देहावसान झाले. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला. मात्र तेथे छापलेल्या तसबिरी जुन्या घरांच्या भिंतींवर अजून आढळतात, काहींवर घरच्या बायकांनी टिकल्या आणि जर शिवलेली असते.