मिरजेचे तीन रूळ आणि सिमल्याची रेलमोटार

निपाणीस रेल्वे नाही. तेथील तंबाखूच्या व्यापाऱ्यास आगगाडी गाठावयाची झाली, तर कोल्हापूर, चिकोडी रोड किंवा थेट बेळगाव येथे जावे लागते. आमच्या सीमाभागातील मनुष्य म्हणूनच एस.टी.वर अधिक विसंबून असतो. परंतु बेळगावहून गाडीने मिरजेस उतरावे आणि फलाटावर थोडे थांबावे, असे आम्हांस नेहमी वाटते. पुणे-कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला; लोंढ्याकडील मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला; आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज तर १९२७ पासून पंढरपूरचे वारकरी घेऊन येथे येतच होती. तीन रुंदींचे रूळ एकाच स्थानकात! आज तेथे एकच रुंदी उरली आहे. प्रवाशाची सोय झाली यात शंका नाही. मिरजेत गाडी बदलताना डोक्यावर वळकटी घेऊन धावलेला कोणीही जुन्या दिवसांसाठी अश्रू ढाळणार नाही.

तथापि त्याच अडीच फुटी रुळावरचे एक वाहन आम्ही सिमल्यास पाहिले, तेव्हा मिरज आठवली. कालका-सिमला मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गणला गेला. त्यावर रेलमोटार धावते. समोरून पाहिल्यास जुनी मोटारबसच. केवळ खाली लोखंडी चाके. निराळे इंजिन जोडावयास नको. यंत्र त्याच डब्यात, आणि चालक चौदा-पंधरा प्रवाशांच्या पुढ्यातच बसतो. इंग्लंडच्या ड्र्युरी कंपनीने १९२० च्या दशकात घडविलेल्या या गाड्या आरंभी पेट्रोलवर चालत. पुढे त्यांत डिझेल इंजिने बसविण्यात आली. आता कोणी म्हणेल, इंजिनच बदलले तर जुने काय राहिले? आमच्या मते गाडी धावती राहिली, हेच अधिक मोलाचे.

कारण डिझेल यंत्राचा खरा शत्रू विश्रांती आहे. उभ्या गाडीच्या अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्प थिजून पाणी तळाशी साचते. त्यात बुरशी धरते आणि ती इंधनपंपापर्यंत जाते. रबरी नळ्या व ब्रेकचे वॉशर सुकून तडकतात. बेअरिंगांवरील तेलाचा थर ओसरतो. म्हणून फार दिवसांनी यंत्र सुरू करावयाचे तर जाणता फिटर प्रथम ते हातानेच फिरवून तेल सर्वत्र पोहोचवितो. बरे, आठवड्यातून एकदा सुरू करून उभ्या जागी घरघर करू दिले, तरी भागत नाही. ओझ्यावाचून इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि काजळी धरते. त्यास चढ चढविलाच पाहिजे. सिमल्याच्या मार्गावर नऊशेहून अधिक वळणे आहेत. तेथे चाकांची कड झिजते, ती लेथवर पुन्हा घडवावी लागते. एखादा भाग बाजारात मिळेनासा झाला, की जुन्यावरून लाकडी साचा करून नवा ओतावा लागतो.

हे काम अर्ध्यावर सोडले तर काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. आयर्लंडातील डोनेगलची छोटी रेल्वे १९५९ च्या अखेरीस बंद पडली. तिच्या दोन डिझेल रेलकार १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या रेल्वेने घेतल्या आणि पुढे तीस वर्षे वापरल्या. मग त्यांची संपूर्ण दुरुस्ती काढली. ती मध्येच थांबली आणि सुटे केलेले डबे वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. उघडलेले यंत्र ज्याने उघडले त्यालाच नीट जोडता येते. तो मनुष्य निवृत्त झाला, की उरते ते लोखंड.

आणि अशी माणसे आमच्या भागात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते बेळगावात. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीस गेले, परंतु बेळगावचा लोखंडाशी संबंध तुटला नाही. उद्यमबागेतील ओतशाळांत साचा करणारे, लेथवर केसाएवढा फरक ओळखणारे कारागीर आजही आहेत. ज्यावर त्यांनी हात चालवावा, ती जुनी गाडी मात्र येथे धावत नाही.

हुबळीस २०२० मध्ये रेल्वे संग्रहालय उघडले. तेथील दोन जुन्या वास्तूंना मलप्रभा व घटप्रभा या आमच्याच नद्यांची नावे दिलेली पाहून बरे वाटले. नॅरोगेज इंजिने रंगवून उभी केली आहेत, मुले भोवती हिंडतात. परंतु त्या यंत्रांना तेल कोठे घालीत, कोणता आवाज आला म्हणजे गाडी थांबवीत, हे फलकावर मावत नाही. ते हुबळी, लोंढा आणि मिरज येथील रेल्वेच्या वृद्ध पेन्शनरांच्या डोक्यात आहे. आमच्या अनेक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्याच नोकरीत गेल्या. अशा घरात आजोबा असतील, तर नातवंडांनी एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, आणि इंजिनाचे भाग त्यांनी ज्या नावांनी हाक मारून मागितले असतील, त्याच नावांनी लिहून घ्यावेत. पुस्तकी नावे घालू नयेत.