काळेवाडीहून कोथरुडास

पवनेच्या एका तीरीं पिंपरी, दुसऱ्या तीरीं काळेवाडी. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. मागून इतर कारखाने आले, आणि पोटासाठीं परगांवाहून आलेल्या कुटुंबांनीं या परिसरांत बिऱ्हाडें थाटलीं. त्यांच्या मुलांस शाळा किती हव्या, शिक्षक किती, खर्च कोणीं सोसावा, हें ठरविण्याचेंहि एक शास्त्र आहे. त्याच्या शोधांत आम्ही मुळा ओलांडून कोथरुडास गेलों.

जे. पी. नाईक यांनीं १९४८ त मुंबईस काढलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ त पुण्यास आली. शिक्षणांतील पदव्युत्तर संशोधनाची सोय तेथें झाली. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावे, असें त्या आयोगानें १९६६ त सांगितलें.

२००९ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. दिवसभर कारखान्यांत राबणाऱ्या पालकास शाळेचा जमाखर्च उलगडून सांगणारा कोणी तरी तयार झाला पाहिजे. यंत्रविद्या व वैद्यक यांकडे मुलें हौसेनें धाडणाऱ्या आपल्या घरांनीं एखाद्या मुलास वा सुनेस या विद्येकडेहि जाऊं द्यावें.