पेडणे-डिचोलीच्या मेस्तांची आवडती हत्यारे

सातार्ड्याचा पूल ओलांडला की तेरेखोल नदीच्या पलीकडे न्हयबाग लागते आणि आपण गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शिरतो. नदी तीच, माड-पोफळी त्याच, बोलण्याचा हेलही दोन्ही काठांवर फारसा वेगळा नाही. १७८८ पर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या साली तो पोर्तुगिजांकडे गेला; डिचोली त्याआधीच काही वर्षे गेली होती. कागदावर सीमा अशी सरकली, पण घरे उभारणारी आणि दारे-खिडक्या घडवणारी माणसे नदीच्या अलीकडे-पलीकडे कामाला जातच राहिली. आपण ज्याला सुतार किंवा मेस्त्री म्हणतो त्याला गोव्यात 'मेस्त' म्हणतात. निष्णात कारागीर या अर्थाच्या पोर्तुगीज 'मेस्त्रे' शब्दापासून हे दोन्ही शब्द आले. म्हणजे राज्य बदलले तेव्हा शब्दही नदी ओलांडून आपल्याकडे आला आणि इथेच राहिला.

या भागात फिरायला येणारी बहुतेक मंडळी हरमल-मोरजीच्या किनाऱ्याकडे वळतात. फार तर नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ, हरवळेची लेणी, मयेचे तळे पाहून परततात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाट थोडी बदलली. पेडण्याहून धारगळ, मोपा करीत आणि पुढे दोडामार्गाकडून साळमार्गे डिचोलीत उतरत जिथे लाकडाचा वास आला तिथे थांबलो. प्रत्येक मेस्ताला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या सगळ्या हत्यारांतले लाडके कोणते?"

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर द्यायला प्रत्येकाने वेळ घेतला. कोणी हातातले काम बाजूला ठेवले, कोणी आतून पेटी आणून समोर उघडली. पेटीत काय असते ते आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. करवत, वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या, ओळंबा, कानस आणि लाकडी मोगर. अंगणात मेस्त बसला की दिवसभर रंध्याची सरसर चाले आणि आम्ही मुले त्याच्या कुरळ्या ढलप्या गोळा करीत असू. आज वाडीत शिरताना कानावर पडते ती एक लांबलचक किंकाळी. ती विजेच्या रंध्याची किंवा गोल कटरची असते. मेस्ताचे घर शोधायला आता पत्ता विचारावा लागत नाही.

पेडण्याजवळच्या एका वाडीत सत्तरीकडे आलेले एक मेस्त भेटले. फणसाच्या लाकडाची चौकट त्यांच्यासमोर आडवी पडली होती. ताजा कापलेला फणस हळदीसारखा पिवळा दिसतो, वर्षे गेली की तांबूस-तपकिरी होतो. आपल्या जुन्या घरांच्या चौकटी काळपट दिसतात त्यामागे चुलीच्या धुराबरोबर हेही एक कारण आहे. या बाबांचे लाडके हत्यार म्हणजे विजेचा रंधा. हातात धरून चालवायचा असा रंधा जपानच्या माकिता कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणला. नेहमीच्या वापरातल्या या यंत्राचे पाते ८२ मिलिमीटर रुंद असते आणि त्याचा रूळ मिनिटाला १६ हजारांच्या आसपास फेरे घेतो. हाताच्या रंध्याने एक दार साफ करायला जिथे निम्मा दिवस जाई, तिथे आता तासाभरात काम होते. पण बाबांनी वेळेचे नावही काढले नाही. उजव्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ह्या मशीनान माजो खांदो वाचयलो, सर."

हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. यंत्र आले आणि कला गेली असे आपण शहरात बसून सहज म्हणतो. पण चाळीस वर्षे रंधा मारणाऱ्याच्या खांद्याचे, कमरेचे आणि गुडघ्यांचे काय होते ते त्याच्या घरच्यांना विचारावे. उकिडवे बसून, पायाच्या बोटांनी फळी धरून काम करण्याची आपल्याकडची रीत पाहायला देखणी असली तरी शरीराला महाग पडते. ऐन आणि किंजळ ही आपल्या रानातली टणक लाकडे. त्यांना वाकसाने आकार देताना माणूस घामाने निथळतो. अशा वेळी यंत्राने अंगाचा भार हलका केला तर त्यात हळहळण्यासारखे काय आहे?

मोप्याच्या बाजूला पिढी बदलली आणि उत्तरही बदलले. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली आणि आसपास इमारतींची कामे वाढली. तिथे कपाटे, स्वयंपाकघरातले कप्पे, पलंग बसवणारा पंचविशीतला एक मुलगा भेटला. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून बॅटरीवर चालणारे ड्रिल काढले. नव्या इमारतीत वीजजोडणी यायच्या आधीच आत फर्निचरचे काम सुरू होते, शिडीवर चढल्यावर मागे वायर ओढत नेणे जिकिरीचे असते, आणि स्क्रू पिळून पिळून मनगट धरते. या तिन्ही अडचणींवर त्याच्यापाशी हा एकच उपाय. हाताने चालवायचे विजेचे पहिले ड्रिल जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात फाइन कंपनीने १८९५ मध्ये बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका त्याला अमेरिकेत १९१६-१७ च्या सुमारास मिळाला, आणि बॅटरीवरचे ड्रिल १९६१ मध्ये आले. या मुलाला हा इतिहास ठाऊक नव्हता. पण कोणत्या लाकडात स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडावे लागते, आणि ते न पाडल्यास फळी कुठे फुटते, हे त्याला तोंडपाठ होते.

या मुलाशी बोलताना दुसरी गोष्ट कळली. त्याच्या वडिलांचा धंदा हाच, पण वाडीतले त्याच्या वयाचे इतर कोणी यात नाहीत. हॉटेल, विमानतळ, औषधांचे कारखाने अशी कामे जवळ असताना भुशात कोण बसणार? गोव्यात फर्निचरची पुष्कळशी कामे आज राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर करतात, आणि चांगली करतात. हा मुलगा मात्र इथेच राहिला. कारण विचारले तर हसून म्हणाला, नुसता वाकस आणि करवत असती तर मीही गेलो असतो! यंत्राने हा धंदा बुडवला असे म्हणणाऱ्यांनी हे उत्तरही जमेस धरावे.

पेडण्याच्या पुनवेची एक कथा सर्वांना ठाऊक आहे. देव भूतनाथाला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे आणि माणसांना ते काही जमत नाही. कोजागरीच्या उत्सवात देव त्यासाठी रुसतो आणि भक्त त्याची समजूत काढतात. गिऱ्हाईकही आता भूतनाथासारखेच झाले आहे, असे एका मेस्ताने ऐकवले. चवथ आठवड्यावर आली की कोणाला चौरंग हवा असतो, कोणाला माटोळीची चौकट, कोणाला मखर, आणि सगळ्यांना उद्याच. पण लाकडाला घाई समजत नाही. ओले लाकूड यंत्रात घालून भराभर कापले तरी ते पुढे वाळते आणि पिळवटते. आपल्याकडच्या पावसात सुके लाकूडही हवेतला ओलावा पिऊन फुगते. मे महिन्यात नीट बसलेले दार जुलैत घासते, हा अनुभव घरोघरी आहे. त्यामुळे चौकट आणि दार यांच्यात किती फट सोडायची हे मेस्त ठरवतो. ती अक्कल कोणत्याही यंत्राच्या खोक्यात मिळत नाही.

डिचोलीत पोचल्यावर या सगळ्याचा उलगडा झाला. तिथे एका कारखान्यात शिवणीच्या लाकडाचे देव्हारे होतात. शिवण वजनाला हलकी, सहसा न वाकणारी, कोरायला सोयीची. कारखाना चालवणाऱ्या मेस्तांची आवड म्हणजे राउटर, आणि त्यातही एका हातात मावणारा छोटा ट्रिमर. मिनिटाला तीस हजारांच्या घरात फिरणारे त्याचे टोक फळीच्या काठाला गोलाई देते, खोबणी पाडते, महिरपीची वळणे कापते. आता संगणकाला नक्षी सांगितली की आपणहून कोरणारी यंत्रेही आली आहेत. मी विचारले, मग हाताला काय उरले? त्यांनी एक चौकोनी खाच दाखवली. तिचे चारही कोपरे गोल होते. फिरणारे टोक गोल असते, म्हणून आतल्या कोपऱ्यात ते काटकोन कधीच पाडू शकत नाही. "कोनशाक मशीन पावना, थंय पटाशीच जाय," असे म्हणून त्यांनी पटाशी लावली आणि मोगराच्या दोन हलक्या ठोक्यांनी कोपरा सरळ केला. फळीतली कूस त्या खाचेत अशी बसली की खिळ्याची गरज उरली नाही. पटाशीची मूठ वडिलांच्या हातची, राउटर दोन वर्षांपूर्वी घेतलेला. दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि खंडेनवमीला दोन्हींवर झेंडूचे फूल चढते.

या लाडक्या यंत्रांची एक बाजू मात्र कौतुकाची नाही. ग्राइंडरला लोखंड कापायच्या चकतीऐवजी लाकडाचे दातेरी पाते लावून आणि वरचे संरक्षक झाकण काढून काम करणारे मी दोन ठिकाणी पाहिले. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. पाते लाकडात अडकले की यंत्र उलटे उसळते आणि हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. सैल बाही किंवा हातमोजा फिरत्या पात्यात सापडला तर हातच आत ओढला जातो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर सांधलेली वायर पसरलेली असते, तो वेगळाच धोका. भुशाकडे तर कोणी लक्षच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. नाकाच्या आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. रंध्याच्या ढलप्या जमिनीवर पडत आणि चुलीत जात. सँडरची पिठासारखी धूळ हवेत राहते आणि छातीत जाते. पेडण्याच्या बाबांचा खांदा यंत्राने वाचवला खरा, पण मला प्रत्येक प्रश्न त्यांना दोनदा विचारावा लागत होता. आवाजाने कान गेले होते.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार आहेत, होड्या बांधणारे आणि खेळणी करणारेही आहेत. प्राथमिक प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची सोय त्यात आहे. पंधरा हजारांत सारा कारखाना उभा राहत नाही. काय आधी घ्यायचे हे ठरवावेच लागते. मी भेटलेल्या मेस्तांना तेही विचारले. बाबा म्हणाले रंधा, मोप्याचा मुलगा म्हणाला ड्रिल, डिचोलीचे मेस्त म्हणाले आधी चांगली पटाशी आणि तिला धार लावायचा दगड, मग ट्रिमर. कानावरचे आच्छादन, डोळ्यांचा चष्मा आणि धुळीचा मुखवटा मात्र कोणाच्याच यादीत नव्हता. तिन्ही वस्तू यंत्रांच्या मानाने स्वस्त आहेत. सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याकडच्या आपल्या वाचकांच्या घरात कोणी हा धंदा करीत असेल तर पुढच्या खंडेनवमीची वाट न पाहता या तीन वस्तू त्याच्या पेटीत आणून ठेवाव्यात.